जेवणाआधी एक, जेवणानंतर एक

घरात शुगरचं मशीन आलं तेव्हा पहिला महिनाभर ते फक्त सकाळी कपाटाबाहेर यायचं. उठायचं, तोंड धुवायचं, चहाच्या आधी बोट टोचायचं आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा. ११८, १२४, १२१, १३०, ११९. आकडा कमी आला की दिवस बरा जायचा, जास्त आला की दिवसभर मन खट्टू. महिनाअखेरीला पंचवीस पट्ट्यांची डबी संपून दुसरी फुटली होती, पण मी काय खावं आणि किती खावं हे त्या आकड्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं.

टाइप २ मधुमेह आहे हे कळलं तेव्हा माझं एचबीए१सी, म्हणजे आपण जिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो ती, ६.९ होती. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "गोळी लगेच नको. तीन महिने खाण्यावर आणि चालण्यावर आणून बघू." महिन्यानं मी कॅलेंडरच उतरवून घेऊन गेले. त्यांनी सगळे आकडे बोट ठेवून वाचले आणि विचारलं, "जेवणानंतरचे कुठं आहेत?"

ते नव्हतेच. आणि ज्याला पथ्यावर शुगर आणायची आहे, त्याच्या कामाचे आकडे तेच असतात.

सकाळचा आकडा जेवणाबद्दल फारसं का बोलत नाही, ते आधी सांगते. रात्री नऊला जेवून सकाळी सातला तपासलं तर मधे दहा तास गेलेले असतात. रात्रीची भाकरी तोवर पचून संपलेली असते. मग रक्तात साखर येते कुठून? यकृतातून. मेंदूला चोवीस तास साखर लागते, म्हणून आपण झोपलेलो असताना यकृत आपल्या साठ्यातली साखर थोडीथोडी रक्तात सोडत राहतं, नवीनही तयार करतं. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागलं की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृताचा हात आणखी सैल होतो. या हाताला आवर घालणं हे इन्सुलिनच्या कामांपैकी एक काम. मधुमेहात तो आवर पुरा पडत नाही. म्हणून रात्री नुसतं ताक पिऊन झोपलेल्या माणसाचीही सकाळची शुगर १३० येऊ शकते. त्यात त्याची काही चूक झालेली नसते, आणि ‘उद्या रात्री काहीच खात नाही’ हा त्यावरचा उपायही नव्हे. हा आकडा हळूहळू हलतो: वजन उतरलं, झोप नीट लागायला लागली, की आठवड्या-महिन्यांनी. तो आठवड्यातून एकदा-दोनदा पाहिला तरी पुरतो.

आता जेवणाकडे येऊ. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असली, म्हणजे दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम, तर सगळ्या रक्तात मिळून साखर किती झाली? पाच ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा! डोक्यापासून पायापर्यंतच्या रक्तात मिळून एक चमचा. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा चुकला असं वाटून परत केला. आता समोर चाळीस ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी ठेवा. तिच्यातला स्टार्च पचून पाच-सहा चमच्यांएवढी साखर होते. दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात म्हटलं तर पंधराच्या घरात. एवढी साखर दोन-तीन तासांत रक्तातून जाणार आणि तरी रक्तात कुठल्याही क्षणी एक-दीड चमच्याहून जास्त साठू द्यायची नाही, अशी ही कसरत. इन्सुलिन ती साखर स्नायूंमध्ये आणि यकृतात पोचती करतं. आपल्यासारख्यांत ही पोचवणी मंद चालते, म्हणून साखर रक्तात तुंबते. भाकरी, पोहे, भात, बटाटा यांतलं काय किती तुंबतं, ते तपासायला घरचं मशीन आहे.

त्यासाठी शुगर जोडीनं बघायची. पहिला घास घ्यायच्या आधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून नव्हे. इथं पुष्कळ जण चुकतात, आणि सावकाश जेवणाऱ्यांच्या हिशेबात अर्धा तास इकडचा तिकडे होतो. मोबाइलवर गजर लावून जेवायला बसावं. दोन्ही आकडे आणि ताटात काय होतं ते एका ओळीत लिहायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या ताटाचा परिणाम. नुसता ‘जेवणानंतर १७०’ हा आकडा मुका असतो. १६० वरून १७० झाली असेल तर जेवणानं काही बिघडवलं नाही, आधीच वर होती. ९५ वरून १७० झाली असेल तर त्या ताटाकडे बघायला हवं.

माझ्या वहीतलं पहिलं पान पोह्यांचं आहे. बशीभर कांदेपोहे, वर शेव, सोबत चहा. आधी ११६, दोन तासांनी २०४. मी हादरलेच. पोहे म्हणजे हलका नाश्ता, आजाऱ्यालाही चालणारा, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण हलका म्हणजेच लवकर पचणारा, आणि लवकर पचणारा म्हणजे साखर एकदम रक्तात आणणारा. पोहे करताना साळ, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, भिजवून, भाजून, चेपून काढतात. स्टार्चची निम्मी मोडतोड आपण खायच्या आधीच झालेली असते. पुढच्या आठवड्यात पोहे अर्धे केले, त्यात मूठभर शेंगदाणे आणि मटार घातले, शेव काढली, आणि पोह्यांच्या आधी वाटीभर मटकीची उसळ खाल्ली. आधी ११२, नंतर १५८. पोहे सोडले नाहीत, त्यांची जागा बदलली. हे मला कुठल्या छापील तक्त्यानं सांगितलं नसतं, कारण तक्त्यात माझी बशी नसते. आणि हे आकडे माझ्या अंगाचे आहेत, तुमच्या अंगाचे नव्हेत. तुमच्याकडे पोहे निभावतील आणि इडली त्रास देईल. म्हणूनच तर तपासायचं.

किती चालेल? गरोदर नसलेल्या बऱ्याच प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणाला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत, अशी मर्यादा डॉक्टर धरतात. वय फार असेल, सोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ती सैल करतात. गरोदरपणातल्या मधुमेहात मात्र घट्ट असते: उपाशीपोटी ९५ च्या आत, तासानं १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. तिथं आईबरोबर बाळाचाही प्रश्न असतो, त्यामुळे तपासणीही रोज, दिवसातून अनेकदा करायला सांगतात. आपली मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. शेजारणीची आपल्याला लागू पडत नाही.

उपवासाचं पान वेगळं आहे. आषाढीला साबुदाण्याची खिचडी, दोन तासांनी २३१. साबुदाणा हा टॅपिओका नावाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. त्यात ना प्रथिनं ना चोथा. दाण्याच्या कुटानं थोडा आधार मिळतो, पण बटाटा घातला की तोही जातो. पुढच्या एकादशीला राजगिऱ्याची एकच भाकरी, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि दही असं घेतलं, १६८. भगर हलकी म्हणून निर्धोक समजू नका, तेही धान्यच आहे. वाटीनं मोजून घ्यावी. आणि गूळ, मध, खजूर यांना साखरेच्या जागी बसवून पथ्य पाळल्याचं समाधान मानणाऱ्यांनी एकदा जोडी काढून बघावी. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांच्यात भेद राहत नाही.

जेवणाच्या क्रमाचं मला सगळ्यात नवल वाटलं. आपल्याकडे पंगतीत पहिला मान वरण-भात-तुपाचा. रिकाम्या पोटी पहिला घास भाताचा, भाजी-उसळ नंतर. मी तेच पदार्थ, तेवढेच, उलट क्रमानं खाल्ले: आधी कोशिंबीर, मग उसळ आणि पालेभाजी, मग भाकरी, शेवटी चार घास भात. दोन तासांनंतरचा आकडा तिसाच्या आसपास कमी आला, आणि तीन वेळा केलं तेव्हा तिन्ही वेळा कमीच आला. चोथा आणि प्रथिनं आधी गेली की पोट सावकाश रिकामं होतं, मागून येणारा स्टार्च आतड्यात हळूहळू उतरतो. एक पैसा जास्त खर्च नाही, वेगळा स्वयंपाक नाही. सासूबाईंना मात्र पानात भात शेवटी वाढणं आजही रुचत नाही.

जेवणानंतरची शतपावलीही मी मोजून पाहिली. शब्दशः शंभर पावलं टाकली तर मिनिटभरात संपतात. तेवढ्यानं काही होत नाही. जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चाललं तर फरक दिसतो. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. तेच जेवण, एक दिवस जेवून खुर्चीत, एक दिवस जेवून चालायला: १८३ आणि १४९.

हे सगळं खरं ठरायला हात धुतलेले हवेत. मेमधली गोष्ट. दुपारी हापूसच्या फोडी केल्या, स्वतः एकही खाल्ली नाही, हात फडक्याला पुसले आणि तपासलं तर २६८. छातीत धस्स झालं. साबणानं हात धुऊन, कोरडे करून, दुसऱ्या बोटातून घेतलं तर १२९. पट्टी जे रक्त ओढते ते टाचणीच्या टोकाएवढं, एका मायक्रोलिटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शुगर १०० असेल तर त्या एका मायक्रोलिटरात साखर असते एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्यापुढे बोटावर वाळलेला आंब्याचा रस म्हणजे डोंगर. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर जातेच असं नाही. साबण आणि पाणी हाच खरा उपाय, आणि नंतर बोट पूर्ण कोरडं. ओलं बोट रक्त पातळ करतं.

टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. मधे दुखतंही जास्त आणि दिवसभर काम करताना तिथंच दाब येतो. आधी हात खाली सोडून मिनिटभर हलवला की रक्त आपसूक येतं. कचकचून पिळू नये, पेशींमधलं पाणी मिसळून आकडा बिघडतो. पट्टीच्या टोकाशी एक एन्झाइम असतं. ते साखरेबरोबर क्रिया करतं, त्यातून अगदी बारीकसा विद्युतप्रवाह निघतो आणि मशीन तो मोजून आकडा दाखवतं. हे एन्झाइम दमट हवेनं आणि उन्हानं खराब होतं. कोकणात पावसाळ्यात डबी उघडी राहिली तर त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये. फ्रिजमध्ये नको, गॅसजवळच्या फडताळात नको, उन्हातल्या गाडीत तर नकोच. झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि डबी उघडलेली तारीख तिच्यावरच पेननं लिहायची; उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेलं असतं.

मशीनचा आकडा देवाचा शब्दही नाही. घरगुती मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात १०० किंवा त्यावरच्या शुगरला पंधरा टक्के इकडे-तिकडे चालतं, तेही शंभरातल्या पंचाण्णव तपासण्यांना. खरी शुगर १५० असताना मशीन १२८ ते १७२ मधलं काहीही दाखवू शकतं. तेव्हा १४२ आणि १४८ मध्ये फरक शोधत बसू नये. एका ताटाची जोडी दोन-तीनदा काढली की मगच त्यावर काही ठरवावं. लॅबशी तुलना करायची तर उपाशीपोटीच करावी. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली शुगर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते, त्यामुळे ‘लॅबमध्ये कमी आली, म्हणजे मशीन बिघडलं’ असं लगेच म्हणू नये.

आणखी एक घोळ आमच्या घरात झाला. इंग्लंडमधली बहीण फोनवर म्हणाली, "माझी सकाळची शुगर साडेसहा." इकडे आई घाबरली, कारण तिच्या कानावर साडेसहा म्हणजे मधुमेहाची एचबीए१सीची रेघ. तिकडे मशीन वेगळ्या मापात आकडा दाखवतं; त्याला १८ नं गुणायचं. साडेसहाचे ११७ झाले.

खर्चाचंही बोलायला हवं. एक पट्टी साधारण पंधरा-वीस रुपयांना पडते. इन्सुलिन न घेणाऱ्या माणसानं नुसतं रोज टोचून घेतल्यानं शुगर फारशी कमी होत नाही, हे संशोधनातूनही दिसलं आहे. आकडा बघून ताटात काही बदललं तरच तो पैसा लागी लागतो. मी आता आठवड्याला दोन जोड्या काढते. चार पट्ट्या. ज्या जेवणाबद्दल शंका आहे त्याच्याच. पिठलं-भाकरीचं उत्तर मला माहीत आहे, ते रोज विचारायचं कारण नाही. नवीन पदार्थ, लग्नाचं जेवण, ताप आलेला असताना, गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यानंतरचे दिवस, अशा वेळी जास्त तपासते. ताप आणि स्टेरॉइड दोन्ही शुगर वर नेतात.

तीन महिन्यांची शुगर तरीही करायचीच, कारण ती आपण न तपासलेल्या वेळांचाही हिशेब ठेवते. तांबड्या पेशी चारेक महिने जगतात, त्यांना किती साखर चिकटली यावरून ती काढतात. त्यामुळे पेशींचंच काही बिघडलं असेल तर ती फसवते. आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरता घरोघरी, आणि तिनं हा आकडा खोटा वाढू शकतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तरी त्यावर विसंबता येत नाही. वहीतले आकडे चांगले आणि एचबीए१सी मात्र जास्त, असं झालं तर स्वतःला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं.

इथपर्यंत लिहिलं ते नुसत्या पथ्यावर असणाऱ्यांसाठी. ग्लिमेपिराइडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझं वाचून भात-भाकरी एकदम कमी करू नका, उपवासही धरू नका. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं झालं की शुगर धोकादायक खाली जाते. थरथर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मशीनवर ७० च्या खाली: लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. उलट बाजूला, आकडा वारंवार ३०० च्या वर येत असेल तर, आणि सोबत तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा धाप असेल तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शेजारपाजारचे ‘माझीही बघ गं’ म्हणून बोट पुढं करतात. सुई बदलली तरी टोचायचं पेन माझं आहे, ते मी कुणाला देत नाही. एकाच पेनातून हेपॅटायटिस बी पसरल्याची उदाहरणं आहेत. वाईट वाटलं तरी चालेल. वापरलेल्या सुया मी फिनेलच्या जाड रिकाम्या बाटलीत टाकते, भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून दवाखान्यात नेऊन देते. आमच्या कचरा गाडीवरच्या ताई हातानं कचरा वेगळा करतात.

तीन महिन्यांनी माझं एचबीए१सी ६.२ आलं. डॉक्टरबाईंनी या वेळी कॅलेंडर मागितलं नाही, वही मागितली. पोह्यांचं पान, आषाढीचं पान, भात शेवटी खाल्ल्याच्या तीन ओळी, सगळं वाचलं. पोह्यांच्या २०४ खाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा आकडा सापडला म्हणून बाकीचे आले."

गणपती पंधरा दिवसांवर आलेत. आमच्याकडे उकडीचे मोदक होतात. तांदळाची पिठी, गूळ, ओलं खोबरं, वर तुपाची धार. एक मोदक, जेवणाच्या शेवटी, भाताऐवजी, आणि नंतर पंधरा मिनिटं गच्चीवर. वहीत रकाने आखून ठेवले आहेत.